आमदारकीची तयारी: एका इच्छुक कार्यकर्तीस पत्र

नौपाडा, ठाणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या विधानसभेला बेलापूरमधून उभे राहण्याची तुझी इच्छा आहे आणि उमेदवारीसाठी कोणत्या वरिष्ठांना भेटावे, असे तू विचारले आहेस. एका आमदारांचा स्वीय सहायक म्हणून मी बरीच वर्षे काढली आणि त्यांच्या तीन निवडणुका मतदान प्रतिनिधींच्या बाकापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत पाहिल्या. तेव्हा वरिष्ठांना सवडीने भेट. आधी तू ज्या केंद्रावर मत देतेस, तिथला यादी भाग, म्हणजे मतदार यादीतला त्या केंद्रापुरता भाग, पाठ कर.

हे उगीच म्हणत नाही. तुझ्याच बेलापुरात २०१४ साली मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांच्यासारख्या मुरलेल्या नेत्याला सुमारे दीड हजार मतांनी हरवले आणि २०२४ मध्ये त्याच मंदाताई संदीप नाईक यांच्याविरुद्ध अवघ्या ३७७ मतांनी निवडून आल्या. एवढे मतदार तर नेरूळच्या एखाद्या मोठ्या सोसायटीतच राहतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या नोडमध्ये, म्हणजे आखीव वसाहतींत, भाडेकरू सारखे बदलतात. माणूस नेरूळहून उलव्याला जातो, नाव मात्र जुन्या यादीत राहते, आणि त्याच्या जागी आलेल्याचे मत अजून कऱ्हाडला किंवा जुन्नरला असते. नव्या नावासाठी ६ नंबरचा अर्ज आणि पत्ता बदलण्यासाठी ८ नंबरचा, एवढे तुला ठाऊक असेलच. पण हे अर्ज दारोदारी भरून घेण्याचे काम प्रचाराच्या धामधुमीत होत नाही, ते आधीची दोन-तीन वर्षे करावे लागते.

आमच्या दुसऱ्या निवडणुकीत शेवटच्या सभेला मैदान ओसंडून वाहिले आणि आम्ही निर्धास्त झालो. मतदान संपल्यावर प्रतिनिधींनी आणलेल्या १७-सीच्या, म्हणजे केंद्रावर किती मते पडली त्याच्या नोंदीच्या, प्रती जुळवताना दिसले की ज्या वस्तीतून सर्वांत जास्त बस भरून आल्या होत्या, तिथल्या तीन केंद्रांवर निम्मेही मतदान झाले नव्हते. साहेबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि विचारले, "मग बसमध्ये कोण होतं?" बसमधली बरीच माणसे शेजारच्या मतदारसंघातली होती, हे मला चार दिवसांनी कळले. ती निवडणूक आम्ही हरलो.

खर्चाची वही मात्र रोज स्वतः पाहत जा. मर्यादा ४० लाखांची आहे, हिशेब निकालानंतर ३० दिवसांत सादर करावा लागतो, आणि त्यात कसूर झाली तर निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

निवडून आल्यानंतरच्या कामाबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, याचे मला थोडे वाईट वाटले. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, आपल्याकडे ठरलेला साचा आहे: अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय. "घोडबंदर रस्त्यावर कोंडी होते, हे खरे आहे काय" असे विचारलेस, तर "कार्यवाही सुरू आहे" एवढे उत्तर मिळेल. पहिल्याच भागात तपशील चुकला, तर मंत्री "हे खरे नाही" म्हणून मोकळे होतात आणि पुढच्या सगळ्या भागांपुढे "प्रश्न उद्भवत नाही" असे छापून येते. हे तीन शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की आजही राग येतो. म्हणून कोणता चौक, कोणत्या खात्याचे काम, कार्यादेश कोणत्या तारखेचा, मुदत कधी संपली, हे सगळे कागद हाती आल्यावरच प्रश्न लिहायचा. सभागृहातल्या उपप्रश्नात खरी गंमत असते, पण ती पूर्वतयारी असेल तरच.

दि. बा. पाटील यांचे उदाहरण तुमच्या भागात सर्वांच्या तोंडी असते. ते पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आणि सिडकोसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांसाठी रस्त्यावरही उतरले. १९८४ च्या जानेवारीतील उरण-जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तू फक्त आंदोलनाची छायाचित्रे पाहिली असशील. कायदा आणि जमिनीचे कागद जाणणारा वकीलही त्या माणसात होता, म्हणून मोर्चाची मागणी योजनेच्या भाषेत मांडता आली, असे माझे मत आहे.

राहिला वरिष्ठांचा प्रश्न. एकनाथ शिंदे १९९७ साली ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले आणि २००४ मध्ये विधानसभेत गेले. तुलाही आधी प्रभागातून लढण्याचा कमीपणा वाटू नये. पाणी, गटार आणि धोकादायक इमारतीची नोटीस घेऊन लोक आधी नगरसेवकाचेच दार ठोठावतात, आणि कोणते काम महापालिकेचे, कोणते सिडकोचे व कोणते मंत्रालयातले, हे तिथेच कळते.

येत्या रविवारी सकाळी घरी ये. तोवर यादी भागातली पहिली चाळीस घरे स्वतः फिरून, कोण राहते, कोण गेले आणि कोणाचे नाव दोनदा आले आहे, एवढे प्रत्येक नावापुढे लिहून आण.

तुझा,
काका