जमिनीसह जुनं शेतघर घेण्याआधी काय तपासावं?

शंभर-दीडशे वर्षांचं शेतघर आणि सोबतची जमीन घेताना आधी काय पाहावं, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत, घराच्याही आधी रस्ता आणि पाणी बघा. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर वहिवाटीचा हक्क कागदावर नोंदलेला हवा. ‘आजवर कुणी अडवलं नाही’ यावर विसंबू नका. विहिरीला ऐन कोरड्या दिवसांत किती पाणी उरतं ते बघा, पाणी तपासूनही घ्या. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, मोजणी करवून घ्या.

आता भिंती. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, पण खेड्यापाड्यांत ते पोचायला पुढे बराच काळ गेला. म्हणून अशा घरांच्या भिंती बहुधा मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना आत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. वरून कुणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. नुकतीच रंगवलेली भिंत दिसली तर जास्त सावध व्हा. तुळयांच्या टोकांत टोच्या खुपसून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं, तर दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किमतीचं बोला.

वास्तू संरक्षित यादीत आहे का, हेही विचारा. असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते.

आणि जमलं तर एक फेरी भर पावसात मारा, छपराखाली उभं राहून.