गिऱ्हाईक हो

बाळा,

तुझा मेसेज मिळाला. चप्पल लाईनमधल्या दुकानात पायाचं माप दिलंस, चार जोड घालून बघितलेस, ‘जरा फिरून येतो’ म्हणून बाहेर पडलास आणि तीनशे रुपये वाचतात म्हणून फोनवर तसलाच जोड मागवलास. आता मन खातंय. मला विचारतोस, काका, हा नुसता भाबडेपणा आहे का?

भाबडेपणा म्हणून झटकू नकोस एवढंच म्हणेन. त्या माणसाने तुझ्यापुढे अर्धा तास घालवला, त्याची मजुरी त्या तीनशेतच होती.

गावच्या धंद्यांना साथ द्या वगैरे तुला सांगायची गरज नाही, तसले स्टेटस तू माझ्याआधी ठेवतोस. मला एकच सांगायचंय. गिऱ्हाईक हो. दुकान कौतुकावर चालत नाही, गल्ल्यावर चालतं.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटलं होतं. तूही. ‘आपल्या चपलेला जीआय आहे, म्हणजे हे नाव या भागातल्याच चपलेचं अशी सरकारी नोंद आहे’ हे तू मलाच ऐकवलंस. बरोबरच होतं. पण त्या आठवड्यात चिडलेल्यांपैकी किती जणांनी जाऊन एक जोड घेतला? चामडं बाभळीच्या सालीत न् हिरड्यात पकवायचं, तळ कापायचा, चामड्याच्याच वादीने टाके घालायचे. एवढं करणाऱ्याच्या घरी तुझा राग शिजवून खाता येत नाही, मर्दा.

गंगाराम कांबळेंची गोष्ट तुला ठाऊक असेलच. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. दलित असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघालं. त्या काळात त्यांच्या हातचा चहा प्यायला कोण फिरकणार? महाराज रस्त्यात गाडी थांबवून चहा मागवायचे. स्वतः प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. शाहूपुरीची पेठ वसवणारा राजा, पण त्या हॉटेलपुरता गिऱ्हाईक झाला. या गावात त्यांच्या नावाने जयजयकार रोज होतो. चहा मागवायची वेळ आली की आपण फोन काढतो.

तू म्हणशील, म्हातारा स्वतः दुकानदार, बोलणारच. बोलणारच! लक्ष्मीपुरीत माझं वह्या-दप्तरांचं दुकान होतं. २०१९ च्या पुरात पाणी आत शिरलं, वह्यांचा लगदा झाला. घाऊक व्यापाऱ्याने ‘पैसे सवडीने दे’ म्हणत माल टाकला आणि मी पुन्हा उभा राहिलो. २०२१ ला पुन्हा पाणी. तरीही पुराने दुकान बुडालं असं मी म्हणणार नाही. शाळाच वह्या विकायला लागल्या, उरलेलं फोनवरून घरपोच यायला लागलं. बंद करतोय म्हटल्यावर माणसं फोटो काढायला आली. ‘अरेरे, आमच्या लहानपणीचं दुकान!’ त्यांतल्या बऱ्याच जणांना मी कित्येक वर्षांत दुकानाची पायरी चढताना बघितलं नव्हतं. त्या दिवशीही कुणी साधं पेन घेतलं नाही.

मुलाला गादीवर बसवायला हवं होतं का, हे रात्री मनात येतं. सकाळी नाही येत. त्याचं पुण्यात बरं चाललंय, आणि रिकाम्या दुकानात त्याला बसवून मी काय मिळवलं असतं?

आणि हो, आपले दुकानदार उर्मट असतात, बिल मागितलं की तोंड वाकडं करतात, बदलून मागितलं की अंगावर येतात, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. मग शेजारच्या दुकानात जा. गल्ली सोडू नकोस. हेडफोन, चार्जर खुशाल मागव. हात तंगीत असेल तर जिथे स्वस्त तिथून घे, त्यात कसली लाज? पण तुला पगार बरा आहे. तुझी तंगी नाही, कंटाळा आहे. गाडी लावायला जागा नाही, ऊन आहे, वगैरे. तुझ्या तालमीच्या गणपतीची वर्गणी मागायला तू याच ऊन असलेल्या रस्त्यावरून दुकानं पालथी घालतोस ना?

माझ्या गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. पोरगा राजस्थानचा. ‘मग हा कुठला स्थानिक?’ असं शेजारचे मला डिवचतात. तो स्वतः गल्ल्यावर बसतो, भाडं इथे भरतो, त्याची पोरं इथल्याच शाळेत जातात, दुपारचा डबा समोरच्या खाणावळीतून घेतो. मला तेवढं पुरे. माझा फोन बटणांचा, त्याला कव्हर बसत नाही. तरी अधूनमधून एखादं घेतो. बायको हसते. तू आलास की घेऊन जा, ड्रॉवरमध्ये पडलीयत.

तुझा,
काका