फळा आधी, काउंटर मग

प्रश्न : मी मूळचा खामगावचा. निवृत्तीनंतर मुलाकडे ठाण्याला आलो. वाचनालयात नाव घातलं, पण कपाटांसमोर उभा राहिलो की हात ओळखीच्याच लेखकांकडे जातो. नवं कोण लिहितंय, हे कळावं कसं? लेखकांचे कार्यक्रमही होतात म्हणे. मला मात्र ते झाल्यावर कळतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, कपाटांपासून सुरुवातच करू नका. देवघेवीच्या काउंटरवर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, आधी तो चाळा. मी बरीच वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे. ढिगातलं पुस्तक कोणीतरी वाचून आणलेलं असतं, निदान घरी तरी नेलेलं असतं! शेवटच्या पानावर तारखांचा कागद असेल तर शिक्के बघा. चार-पाच वर्षं जुन्या पुस्तकावर अजूनही लागोपाठ शिक्के पडत असतील, तर ते बेलाशक न्या. कोऱ्या पुस्तकावर पडणाऱ्या उड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

पण खरा माल दिवाळी अंकांत. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा पाडली, आणि आजही नव्या कथाकाराचं नाव पुस्तकावर येण्याआधी बरेचदा इथेच दिसतं. ऐन दिवाळीत अंकांसाठी झुंबड असते, बरीच वाचनालयं वेगळी वर्गणीही घेतात. फेब्रुवारीत निवांत मिळतात. एखादी कथा आवडली, तर त्या लेखकाचं पुस्तक मागणी वहीत लिहा. ही वही बहुधा खणात असते, मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. लेखक, पुस्तक, प्रकाशक असं तिन्ही लिहा. ‘काहीतरी चांगलं मागवा’ या नोंदीचं ग्रंथपालाने करायचं काय?

कार्यक्रमांच्या बाबतीत तुम्ही नशीबवान. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षा पाच वर्षांनी थोरलं. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, यांच्या आगेमागे बहुतेक वाचनालयांत काहीतरी ठरलेलं असतं. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. सूचना फळ्यावर लागते, पण पुस्तक बदलायच्या घाईत तिकडे कोणी बघत नाही. तुम्ही आधी फळा वाचा, मग काउंटरला या.

आणि सूचना दिसली त्याच दिवशी त्या लेखकाचं पुस्तक घरी न्या. व्याख्यान झालं की ते महिना-महिना हाती लागत नाही. वाचून गेलात तर प्रश्नही नेमका सुचेल. ‘लिहायची प्रेरणा कुठून मिळते’ हे विचारणारे तिथे आधीच चौघे बसलेले असतात. सही हवी असेल तर प्रत विकत घ्या. वाचनालयाच्या प्रतीवर सही मागू नका, सही झालेली प्रत ‘हरवते’ हो!