एकाच सॅम्पलचे दोन आकडे

ऐरोलीहून टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. महापे एमआयडीसीत इमल्शन (पाण्यात पसरलेले पॉलिमरचे बारीक कण) बनवणाऱ्या कंपनीत तिनं इंटर्नशिप केली. एकाच सॅम्पलमधल्या कणांचा आकार लेझरच्या मशीनवर १६० नॅनोमीटर आला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली १२०. 'पहिला लिही आणि पुढचं सॅम्पल घे,' असं तिला सांगण्यात आलं. आता तिथेच क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, नोकरी मिळतेय. घ्यावी की एम.एस्सी. करावं?

अगं, आधी ते आकडे बघू. दोन्ही बरोबर असू शकतात. लेझरचं मशीन, म्हणजे डीएलएस, कण थेट बघत नाही. पाण्यात कण किती वेगानं थरथरतात हे ते विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून ओळखतं आणि त्यावरून व्यास काढतं. कणाला चिकटलेला सर्फॅक्टंटचा (साबणासारख्या पदार्थाचा) आणि पाण्याचा थरही त्यात धरला जातो. शिवाय दुप्पट व्यासाचा कण कितीतरी पट जास्त प्रकाश विखुरतो, त्यामुळे मूठभर मोठे कणसुद्धा सरासरी वर ओढतात. मायक्रोस्कोपखाली मात्र सुकलेला कण दिसतो, आणि ॲक्रिलिकचा मऊ कण सुकताना चपटा होतो. म्हणून सॅम्पल कसं सुकवलं हे विचारायलाच हवं.

कण कशाचा बनलाय हे शोधणं तर याहून अवघड. कणातल्या स्टायरीन आणि ब्युटाइल ॲक्रिलेट या दोन घटकांचं एकूण प्रमाण एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना ओळखणारी पद्धत) सांगेल. पण दोन्ही प्रत्येक कणात मिसळलेत की आत एक, बाहेर दुसरं? डीएससीवर (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो हे मोजणाऱ्या मशीनवर) टीजी, म्हणजे कडक पॉलिमर मऊ होण्याचं तापमान, एक येतो की दोन, यावरून अंदाज बांधता येतो. दोन आले तरी ते गाभा-कवचाचे की दोन वेगळ्या प्रकारच्या कणांचे, हे ठरवायला आणखी एखादी पद्धत लागतेच.

तुला हे प्रश्न पडतात, म्हणून माझं स्पष्ट मत: एम.एस्सी. कर. नुसतं बटण दाबायला माणसं मिळतात. आकडे जुळले नाहीत तर कारण शोधणारी फार कमी, आणि रंग, चिकटद्रव्यं, कागदाचं कोटिंग या सगळ्या उद्योगांना तीच हवी असतात. आयआयटीसाठी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे, ती फेब्रुवारीत असते. ऐरोलीहून रोज जाऊन-येऊन करायचं तर माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत) रंग आणि पॉलिमरची जुनी परंपरा आहे, तिथले प्रवेशाचे नियम बघ. घरी पैशांची निकड असेल तर वर्षभर नोकरी घे, पण जॅमचा अभ्यास सोडू नकोस.

कॉलेज निवडताना तिथल्या सीनियर्सना एवढं नक्की विचार: प्रोजेक्टला मशीन स्वतः हाताळायला मिळतं की सॅम्पल देऊन रिपोर्टची वाट बघावी लागते?