कौन्सिलची यादी, शाळेचं कुलूप

(इंग्लंडमधल्या मराठी पालकांचे शाळेविषयीचे प्रश्न. उत्तर देणाऱ्या ताई नॉटिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काम करतात.)

ताई, नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही स्लावला आलो. धाकटा येत्या सप्टेंबरात इयर टूमध्ये जाईल आणि मोठी सेकंडरीत, इयर सेव्हनला. मी अकाउंट्समध्ये आहे. नवरा हॉस्पिटलात नर्स आहे, त्याला रात्रपाळ्या असतात. गेल्या वर्षी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, यादीत टर्मच्या तारखा बघून मी रजा आखली, तर शाळा दोन दिवस उशिरा उघडली. हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, संपल्यावर सोमवारी पोराला घेऊन गेले, तर पुन्हा बंद. इन्सेट डे म्हणे, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस! शिक्षकांना उन्हाळ्यात सहा आठवडे सुट्टी असते, तेव्हा हे प्रशिक्षण उरकता येत नाही का? माझी मॅनेजर आता ‘परत?’ अशा नजरेने बघते.

यंदा दोन शाळा, म्हणजे दोन याद्या. त्यातच नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीला दिराचं लग्न आहे. त्या शुक्रवारी मोठीची शाळा इन्सेटसाठी बंद आहे, तेव्हा त्याला जोडून आधीचे चार दिवस घ्यावेत असा विचार आहे. ओळखीतले एक जण म्हणाले, ‘दंड भरा आणि जा, सगळे तेच करतात.’ खरं आहे का हे? आणि सासूबाईंना मदतीला नक्की कधी बोलवावं?

उत्तर: तुमची सोमवारची गोष्ट वाचली आणि मला माझा पहिला सप्टेंबर आठवला. मुलाला नवा गणवेश, कडक कॉलर, हातात बुक बॅग. पावणेनऊला फाटकाशी पोचलो तर कुलूप. आत केअरटेकर पानं झाडत होता. तो हसून म्हणाला, “टुमॉरो, मी डक!” इकडे मिडलंड्समध्ये कुणालाही ‘डक’ म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी बदक कोण ते कळेना, मग उद्या काय ते कळेना. मी एजन्सीतर्फे पॅकिंगचं काम करत होते, त्यामुळे त्या दिवसाची मजुरी बुडाली. पत्र घरी आलं होतं, फ्रिजवर लावलंही होतं. पण त्यातला ‘इन्सेट’ हा शब्द मला एखाद्या शिक्षकाचं आडनाव वाटला होता. आता त्याच फाटकाच्या आतल्या बाजूला बसून मी दरवर्षी ती पत्रं पाठवते, आणि दरवर्षी एखादं कुटुंब कुलपासमोर उभं असतंच.

तुमची फसगत कुठे झाली ते सांगते. कौन्सिलच्या यादीत बहुतेक वेळा शिक्षकांचे दिवस असतात, मुलांचे नाही. इथल्या शिक्षकांच्या करारात वर्षाला १९५ दिवस असतात आणि मुलांसाठी शाळा १९० दिवस उघडी असते. मधले पाच दिवस म्हणजे इन्सेट. ते कधी घ्यायचे हे शाळा आपापलं ठरवते, म्हणून यादीखाली बारीक अक्षरांत ‘यातून पाच दिवस वजा’ अशा अर्थाची ओळ असते. ती कुणीच वाचत नाही. त्यात शाळा अॅकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या ताब्याबाहेरची सरकारी शाळा, असेल तर कौन्सिलच्या टर्मच्या तारखा पाळायचं बंधनही तिच्यावर नसतं, ती पूर्ण आठवडासुद्धा सरकवू शकते. तेव्हा रजा आणि तिकिटांसाठी कौन्सिलची यादी विसरा. शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर असते तीच खरी यादी.

‘उन्हाळ्यात का नाही?’ या प्रश्नावर मी जरा हळवी आहे, कारण तो फोनवर मला दर टर्मला ऐकावा लागतो. हे दिवस १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. केनेथ बेकर तेव्हा शिक्षणमंत्री होते, म्हणून जुन्या शिक्षिका अजूनही त्यांना ‘बेकर डे’ म्हणतात. मुलांच्या १९० दिवसांतून ते कापलेले नाहीत, शिक्षकांच्या कामाचे म्हणून वर धरलेले आहेत. म्हणजे तुमच्या मुलाचा एकही वर्ग त्यात बुडत नाही. तो दिवस मधे आला नसता, तर सुट्टी म्हणून दुसऱ्या कुठल्या टोकाला आलाच असता. आणि त्या दिवशी आम्ही काय करतो? सप्टेंबरात बालसुरक्षेचे नियम नव्याने वाचतो, ते वाचण्यातून ऑफिसातल्या बाईचीही सुटका नाही. मग कुठल्या वर्गात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे ते बघतो आणि खोट्या एपिपेनवर, म्हणजे अॅलर्जीच्या झटक्यावरच्या इंजेक्शनवर, सराव करतो: निळं टोक आकाशाकडे, नारिंगी मांडीकडे. मागे एकदा आमच्या हेडनी भर सरावात ते उलटं धरलं होतं. असली चूक मुलं वर्गात बसलेली असताना कळण्यापेक्षा रिकाम्या शाळेत कळलेली बरी, नाही का? चहाबरोबर बिस्किटंही असतात, ते नाकारत नाही.

पण तुमची अडचण खरी आहे आणि ती पाच दिवसांहून मोठी आहे. मी एकदा कागदावर मांडून बघितलं. वर्षात सोमवार ते शुक्रवार असे साधारण २६१ दिवस. शाळा १९०. उरले ७१, त्यातले ८ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या. म्हणजे ६३ कामाचे दिवस मूल घरी. कायद्याने किमान रजा बँक हॉलिडे धरून २८ दिवस, म्हणजे तुमच्या हातात २०. नवरा एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवा असेल तर त्याला २७. दोघांनी वर्षभरात एकही दिवस एकत्र घेतला नाही, तरी सोळा दिवस उघडे पडतात. हे तुमच्या आखणीचं अपयश नाही हो, गणितच तसं आहे. मॅनेजरला दाखवायचं झालं तर हेच गणित दाखवा.

आता करायचं काय. जुलैत, शाळा सुटायच्या आधी, दोन्ही शाळांच्या ऑफिसांना ईमेल करा आणि दोनच गोष्टी विचारा. पाचही इन्सेटच्या तारखा ठरल्या आहेत का? आणि त्यातले काही ‘ट्वायलाइट’ आहेत का? ट्वायलाइट म्हणजे शिक्षक शाळा सुटल्यावर थांबून थोडे थोडे तास भरतात आणि त्या बदल्यात एखादा पूर्ण दिवस मोकळा होतो. तो बहुधा जुलैच्या अगदी शेवटी टाकतात, त्यामुळे यादीत टर्म मंगळवारी संपते आणि मुलं आधीच्या शुक्रवारी घरी येतात. याच दिवसांवर लोकांची सगळ्यात जास्त फजिती होते. उत्तरं आली की स्वयंपाकघरातल्या एकाच कॅलेंडरवर दोन्ही शाळा दोन रंगांत लिहा आणि नवऱ्याचा रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, तिसऱ्या रंगात. मोबाइलमध्ये लिहून चालत नाही, तो फक्त तुम्हालाच दिसतो. आणि त्याच आठवड्यात इन्सेटच्या सगळ्या तारखांच्या रजा एकदम मागून टाका. जुलैत पाच तारखा मागणारी बाई मॅनेजरला शिस्तीची वाटते. तीच बाई आदल्या रविवारी रात्री एक तारीख मागते तेव्हा तुम्ही म्हणता ती नजर येते.

धाकट्याची शाळा बंद आणि मोठीची चालू असे दिवस येणारच. त्या दिवसांसाठी धाकट्याच्याच वर्गातली एखादी आई गाठा. तिचा इन्सेट तोच असतो. एकदा तुम्ही दोन्ही मुलं सांभाळायची, पुढच्या वेळी तिने. मैत्रिणींनी पैसे न घेता एकमेकींची मुलं बघायला कसली नोंदणी लागत नाही. काही शाळांत त्या दिवशी हॉलिडे क्लब चालतो. तो ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला असेल तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या सरकारी योजनेच्या खात्यातून पैसे भरा: तुम्ही ८ पौंड टाकले की सरकार २ टाकतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. सेकंडरीतल्या मुलीसाठी बहुधा ते खातं बंद होईल. अकरा वर्षं पूर्ण झाल्यावर पहिल्या सप्टेंबरात त्याची मुदत संपते. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: अकरा वर्षांच्या ताईला सहा वर्षांच्या भावाबरोबर दिवसभर घरात ठेवू नका. किती वयाला एकटं ठेवावं याचा आकडा इथल्या कायद्यात नाही, पण मुलाला धोका झाला तर जबाबदारी पालकांचीच. तो तिच्यावरही अन्याय आहे. आपल्याकडे वाड्यात शेजारच्या काकू होत्या, इथे भिंतीपलीकडचं माणूस दार उघडायला कचरतं.

आता लग्न. ‘दंड भरा आणि जा’ म्हणणाऱ्याला म्हणावं, आकडे जुने झाले. ऑगस्ट २०२४पासून दंड एका मुलामागे एका पालकाला ८० पौंड आहे आणि तोही २१ दिवसांत भरला तर. नंतर १६०. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा वेळ आली तर सरळ १६०, सवलत नाही. तिसऱ्यांदा दंडाची नोटीसच नसते, प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं आणि तिथे रक्कम २,५०० पौंडांपर्यंत जाते. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, बुडाले की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. इन्सेटचा दिवस सत्रांत धरत नाहीत, म्हणून मोठीची आठच सत्रं जातील. पण तो शुक्रवार धाकट्याच्या शाळेत साधा शुक्रवार आहे. त्याची पूर्ण दहा भरतील, आणि नोटीस तुम्हाला वेगळी, नवऱ्याला वेगळी. शिवाय आठवर थांबलं की दंड बसूच शकत नाही असंही नाही. इन्सेटला जोडून सोमवार ते गुरुवार ‘पोट बिघडलं’ असे फोन येतात तेव्हा ऑफिसातल्या बाईला काय वाटतं हे मी सांगायला नको. मुलं परत आली की दुसऱ्याच दिवशी मेंदी लावलेले हात पुढे करून सगळी वरात वर्णन करून सांगतात.

मी असते तर दोन्ही हेडना आत्ताच वेगवेगळं पत्र लिहिलं असतं. सख्ख्या दिराचं लग्न, तारीख आपण ठरवलेली नाही, लग्नपत्रिका सोबत जोडली आहे, कमीत कमी इतके दिवस हवेत. २०१३पासून हेडना ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेल तरच रजा मंजूर करता येते, आणि अपवाद कशाला म्हणायचं हे तेच ठरवतात. एक हेड दोन दिवस देतील, दुसरे एकही देणार नाहीत. पण विचारलेल्या पालकाकडे आणि न विचारता गेलेल्या पालकाकडे आम्ही एका नजरेने बघत नाही, हे मात्र खरं. नकार आला तर मोठीला नवऱ्याबरोबर गुरुवारी रात्री पाठवता येतं का बघा. शुक्रवार तिचा मोकळाच आहे.

सासूबाई: व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं. मे महिन्याच्या शेवटच्या हाफ टर्मला आल्या, तर उन्हाळ्याच्या सुट्टीचे सहा आठवडे, सप्टेंबरच्या सुरुवातीचे इन्सेट आणि ऑक्टोबरची हाफ टर्म हे सगळं त्यांच्या मुक्कामात बसतं आणि लग्नासाठी वेळेत परतताही येतं. थंडी सुरू व्हायच्या आत जातील, गुडघे दुवा देतील. नातवंडांबरोबर राहायला येणं नियमात बसतं, पगारी आया म्हणून येणं बसत नाही. विमानतळावर विचारलंच तर त्यांनी खरं तेच सांगावं: नातवंडांना भेटायला आले. फक्त आधी त्यांनाही विचारा. सहा महिने रोज दुपारी दप्तरांची वाट बघत बसणं सगळ्यांना आवडतंच असं नाही.

ताई, यंदा (२०२६) लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. मुलगा उशिरापर्यंत जागणार. सोमवारी धार्मिक कारण लिहून सुट्टी मिळेल का? (एक बाबा, लेस्टर)

उत्तर: जागरणासाठी नाही, बाबा. त्या प्रकारची रजा हजेरीपटावर ‘आर’ अक्षराने लागते आणि ती मिळते तुमच्या धर्मसंस्थेने खास पाळायचा ठरवलेल्या दिवसासाठी, घराने ठरवलेल्या दिवसासाठी नाही. शंका आली तर शाळा मंदिराकडेही चौकशी करू शकते. यंदा मुख्य दिवसच रविवारी आला आहे, तेव्हा सोमवारसाठी भांडण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन कुणाचं २० ऑक्टोबरला तर कुणाचं २१ला होतं. आमच्या ऑफिसात दोन्ही तारखांचे अर्ज आले, एकाच घरातून. हेडनी मला विचारलं, “यातली बरोबर कुठली?” मी म्हटलं, पंचांगावर अवलंबून. त्यांनी दोन्ही मंजूर केले आणि करंज्या मागितल्या.

ईस्टरची सुट्टी दरवर्षी सरकते. पुढच्या वर्षीची तिकिटं आत्ताच काढावीत का? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर: साहेबाचा हा सणही आपल्यासारखाच चंद्र बघून येतो. २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून २०२४मध्ये ३१ मार्च, २०२५मध्ये २० एप्रिल, २०२६मध्ये ५ एप्रिल. २०२७मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे गुड फ्रायडे २६ला. ईस्टर इतका लवकर आला की शाळांची गडबड होते. काही जण त्याच आठवड्यात सुट्टी सुरू करतात, काही जण दोन बँक हॉलिडे देऊन मुलांना परत बोलावतात आणि खरी सुट्टी एप्रिलात देतात. तुमच्या शाळेची यादी हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. आणि काढायचंच असेल तर तारीख बदलता येणारं काढा, चार पौंड जास्त गेले तरी.