पट्टकादंब या रानहंसाच्या नावाचा अर्थ काय? कदंब राजांशी त्याचा काही संबंध आहे का?

राजांशी संबंध नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. आमच्या तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची जुनी पलाशिका, तेव्हा 'कदंब' म्हटलं की इकडे आधी राजेच आठवतात. पण त्या घराण्यानं नाव घेतलं कदंबाच्या झाडावरून. तसं कर्नाटकातल्या तालगुंदच्या, त्यांच्याच शिलालेखात आहे.

पक्ष्याच्या नावात 'क'ला काना आहे. कादंब हा करड्या पंखांच्या हंसासाठी संस्कृतातला जुना शब्द. अमरकोशात 'कादम्बः कलहंसः स्यात्' असं सरळ म्हटलंय. म्हणजे तिथं दोन्ही एकच. मराठी पक्षीवाल्यांनी पुढं वाटणी करून कलहंस हे नाव दुसऱ्या एका करड्या हंसाला दिलं.

'पट्ट' म्हणजे डोक्यावरचे काळे पट्टे. डोकं पांढरंशुभ्र. एक पट्टा डोक्यामागून एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जातो, दुसरा त्याच्या खाली मानेवर, आखूड.

कन्नड नावही हेच सांगतं: पट्टेतले हेब्बातु. तले म्हणजे डोकं, बातु म्हणजे बदक आणि 'हे' आला 'हिरिय'वरून, म्हणजे मोठा. कचेरीत अंगठा उठवताना 'हेब्बेट्टु' ऐकलं असेल, त्यातलाच हा 'हे'. थोडक्यात, पट्टेरी डोक्याचं मोठं बदक. मला विचाराल तर संस्कृत नावापेक्षा हे जास्त रोखठोक आहे.

शास्त्रीय नाव आन्सर इंडिकस. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं 1790 मध्ये 'इंडिकस' म्हणजे भारतातला असं नाव दिलं खरं, पण बहुतेक पक्षी इथं येतात ते हिवाळ्यापुरतेच. त्याची बहुतेक वीण मंगोलिया आणि तिबेटकडची. आपल्या देशात घरटी करतो ती लडाखात. 'आन्सर' हा लॅटिन शब्द मात्र आपल्या 'हंस'चाच सख्खा भाऊ, एकाच मुळातून आलेला.

बघायचा असेल तर गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळं गाठा, डिसेंबर-जानेवारीत. दिवसा थवे पाण्यावर असतात, चरायला शेतात उतरतात. पक्षी पाठमोरा असताना दुर्बीण लावा, दोन्ही पट्टे एकदम दिसतात. थव्यात एखाद्याला पट्टेच नसतील, तर तो वेगळ्या जातीचा समजू नका. ते त्या वर्षीचं पिल्लू असतं.