जॉबसेंटरला जाण्याआधी हे वाच

अगं,

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली एजन्सीने काम बंद केलं, पोरगी तीन आठवडे घरात बसून आहे आणि सरकारी बेकारी भत्त्यासाठी क्लेम कर म्हटलं की म्हणते मला फुकटचे पैसे नकोत. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय, नीट वाच.

आधी ते 'फुकटचे' डोक्यातून काढ. तुझ्या पेस्लिपवर दर महिन्याला टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जात होता ना? इथे ब्रिटनमध्ये बेकारीचा विमा १९११ च्या कायद्याने आला, आणि कामं मिळवून देणारी सरकारी केंद्रं, आताच्या जॉबसेंटरसारखी, त्याच्या आदल्या वर्षीच उघडली होती. म्हणजे शंभर वर्षांच्या वर झाली. आणि आपल्या महाराष्ट्रातसुद्धा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे, काम मागितलं आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलेलं. तुझ्या आजीच्या गावातल्या बायका रांगेत उभ्या राहून काम मागायच्या, कुणी त्यांना भिकारी म्हटलं नाही. मग तू कशाला लाजतेस?

दुसरं म्हणजे घाई कर. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे तुला मिळणारा सरकारी भत्ता, क्लेम टाकल्या दिवसापासून मोजतात, नोकरी गेल्या दिवसापासून नाही. मागची तारीख लावून घ्यायची सोय आहे पण जास्तीत जास्त एक महिना आणि तीही ठरावीक कारणांसाठीच, 'मला लाज वाटत होती' हे कारण त्यात नाही. पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधे अडचण झाली तर अ‍ॅडव्हान्स मिळतो, पण ते कर्ज आहे, पुढे दर महिन्याला कापून घेतात, तेव्हा घरी जेवायची सोय आहे तोवर लागेल तेवढाच घे. पंचवीसच्या आतल्या एकट्या माणसाला २०२५-२६ च्या दराने महिन्याला ३१६ पौंड ९८ पेन्स होते, फार नाही हे मलाही माहितीये. आईबाबांचा पगार त्यात मोजत नाहीत, क्लेम तुझा एकटीचा. शिवाय मागच्या दोन-तीन वर्षांत पुरेसा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) भरला गेला असेल तर न्यू स्टाइल जेएसए (जॉबसीकर्स अलाउन्स, हाही बेकारी भत्ताच) पण बघ, तो सहा महिने मिळतो आणि त्यात सेव्हिंग्ज मोजत नाहीत.

हो, आणि हे सगळं तुझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून सांगतेय. तुझी ती ग्रॅज्युएट व्हिसावरची मैत्रीण आहे ना, तिला उत्साहात युनिव्हर्सल क्रेडिटचा फॉर्म भरायला लावू नकोस, तिच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घ्यायला मनाई, असणार आणि क्लेम केला तर व्हिसाच धोक्यात येईल. तिने आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, वर्क कोच, म्हणजे जॉबसेंटरमध्ये तुझा क्लेम बघणारा कर्मचारी. हा माणूस तुझा शत्रू नाही आणि तुझा साहेबही नाही. एकामागोमाग एक माणसं समोर येत असतात, प्रत्येकाला थोडीच मिनिटं, त्यामुळे चांगला माणूससुद्धा घाईत काहीतरी टाइप करून मोकळा होतो. पण एक लक्षात ठेव, पैसे कापायचे की नाही हे वर्क कोच ठरवत नाही. तो फक्त प्रकरण पुढे पाठवतो, निर्णय डिसिजन मेकर घेतो आणि त्याआधी तुला कारण विचारावं लागतं. हा डिसिजन मेकर तुला कधी दिसणार नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतात, म्हणजे आजकाल तुझं ऑनलाइन जर्नल, क्लेमच्या खात्यातली नोंदवही. तिथे जे लिहिलंय तेच त्याच्या लेखी घडलंय.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. २०१४ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा जुना जेएसए होता, एका सकाळी तुझ्या काकांना अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं आणि त्याच वेळी माझी अ‍ॅडव्हायझरची अपॉइंटमेंट, मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून फोन करून सांगितलं, पलीकडची बाई अगदी गोड बोलली, काळजी करू नका म्हणाली, आणि दोन आठवड्यांनी पत्र आलं की तुम्ही न कळवता गैरहजर राहिलात म्हणून चार आठवड्यांचे पैसे बंद. फोनची नोंदच नव्हती. मी कोणाशी बोलले, किती वाजता, काही लिहून ठेवलं नव्हतं. मग हॉस्पिटलचा कागद आणि माझ्या फोनचं बिल जोडून निर्णय बदलून घेतला, पैसे परत आले, पण ते चार आठवडे मी शेजारणीकडून उसने घेऊन काढले. तेव्हापासून सवय लागली, फोन ठेवला की लगेच तारीख, वेळ, नाव, काय बोलणं झालं ते लिहायचं. तू तर जर्नलमध्येच टाक: 'आज ११ वाजता फोनवर बोलणं झालं, तुम्ही अमुक सांगितलंत.' आणि स्क्रीनशॉट काढून ठेव.

पहिल्या भेटीत क्लेमंट कमिटमेंट, म्हणजे भत्त्याच्या बदल्यात तू काय काय करशील याचा करार, ठरेल. त्यात आठवड्याला ३५ तास काम शोधायचं असं येतं, पण ते दगडावरची रेघ नाही. तुला मागच्या वर्षी पॅनिक अटॅक यायचे, जीपीकडे (तुझ्या नेहमीच्या डॉक्टरकडे) नोंद आहे, ते तिथे सांग, तब्येतीमुळे किंवा कुणाची देखभाल करत असलीस तर तास कमी करता येतात. तू शनिवारी फूड बँकेत जातेस ते व्हॉलंटीअरिंगही धरता येतं, निम्म्या तासांपर्यंत. नोकरी घरापासून जास्तीत जास्त दीड तासाच्या अंतरावर, एका बाजूने. पटत नसेल तर लगेच अ‍ॅक्सेप्टचं बटण दाबू नकोस, विचार करायला वेळ माग, दुसऱ्या कोचने बघावं अशी विनंती करता येते, फक्त फार ताणू नको कारण ते अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय क्लेम पुढे जात नाही. गर्दीत बसून तुला त्रास होत असेल तर फोनवर अपॉइंटमेंट माग, २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली दीर्घकाळच्या आजारासाठी किंवा अपंगत्वासाठी अशी सोय मागता येते. ईमेलचा किंवा जॉब साइटचा पासवर्ड मात्र कुणी मागितला तरी द्यायचा नाही. काय अर्ज केले ते दाखव, यादी दाखव, अकाउंट तुझं तुझ्याकडे.

आणि नोकरी कशी गेली असं विचारलं तर 'सोडली' म्हणू नकोस, तुझ्या तोंडी तो शब्द बसलाय. एजन्सीने काम बंद केलं, तू सोडलं नाहीस. स्वतःहून सोडली असं नोंदलं गेलं तर पहिल्याच वेळी ९१ दिवसांची सॅंक्शन, म्हणजे भत्ता कापण्याची शिक्षा, लागू शकते. एजन्सीचा ईमेल सोबत ने.

अपॉइंटमेंट चुकलीच तर त्याच दिवशी कळव आणि नवी वेळ घे, कारण ती सॅंक्शन तू परत संपर्क करेपर्यंत चालू राहते आणि वर पहिल्या वेळी सात दिवस. निर्णय चुकीचा वाटला तर मॅंडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णय पुन्हा तपासून बघा असं, माग, एका महिन्याच्या आत. तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायाधिकरण, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. लोक इथेच दमतात, पहिलं 'नाही' आलं की सोडून देतात, मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

केट रायली म्हणून एक मुलगी होती, बर्मिंगहॅमची, तुझ्यासारखीच ग्रॅज्युएट, जिऑलॉजीची. म्युझियममध्ये व्हॉलंटीअर करत होती, तिला सांगितलं एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात बिनपगारी काम कर नाहीतर भत्ता जाईल. खरं तर ती स्कीम ऐच्छिक होती, तिला ते कुणी नीट सांगितलंच नाही. ती कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या स्कीमचे नियमच अवैध ठरवले. सक्तीची मजुरी आहे हा तिचा मुद्दा मानला नाही, आणि सरकारने मधेच मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून टाकला, तेव्हा सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. पण एखादी गोष्ट सक्तीची आहे की ऐच्छिक, हे तू लेखी विचारू शकतेस. 'हे मला करावंच लागेल का, आणि नाही केलं तर काय होईल?' हे वाक्य पाठ कर, आणि जर्नलमध्ये विचार, तोंडी नाही.

फॉर्म अडला तर लोकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची 'हेल्प टू क्लेम' सेवा आहे, फुकट आहे. अपॉइंटमेंटला सोबत कुणाला तरी नेता येतं. आज रात्रीच क्लेम टाक आणि तारीख मिळाली की मला सांग, मी सुट्टी टाकते, तुझ्या शेजारी गप्प बसून वहीत लिहून घेईन.

तुझी,
मावशी